कावळा ‘ब्लॅकबर्ड’ का नाही?

एफवायला असताना स्पोकन इंग्लिशच्या तासाला सरांनी एक साधं काम दिलं होतं. खिडकीतून जे दिसतंय ते एका वाक्यात सांगा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरी इंग्रजी पेपर कधी आलेला नाही, त्यामुळे माझा नंबर येईपर्यंत मी मनातल्या मनात वाक्य घोकून ठेवलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर कावळा बसला होता. मी उठले आणि म्हणाले, “आय सी अ ब्लॅकबर्ड.”

सर म्हणाले, “नो, दॅट इज अ क्रो.”

आता क्रो मलाही माहीत होता हो. पण आदल्याच आठवड्यात ब्लॅकबर्ड हा शब्द कुठेतरी वाचला होता आणि तो वापरायची हौस आली होती. मी चिकाटीने विचारलं, “सर, ब्लॅक आहे, बर्ड आहे, मग ब्लॅकबर्ड का नाही?” वर्ग हसला. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “ब्लॅकबर्ड तर तूच!” वर्ग आणखी जोरात हसला. सरही थोडेसे हसले. पुढची तीन वर्षं माझं नाव ब्लॅकबर्ड. व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कॅन्टीनमध्ये, गॅदरिंगच्या फिशपाँडमध्ये, सगळीकडे.

मी रंगाने काळी आहे. ‘सावळी’ वगैरे नाही, काळी. त्यामुळे टोपणनावाचा अर्धा भाग मला लगेच कळला होता. उरलेला अर्धा कळायला वर्ष गेलं, आणि पूर्ण शब्द कळायला त्याहून जास्त. एका चिडवण्याच्या नावाने मला जेवढं इंग्रजी शिकवलं तेवढं त्या स्पोकन इंग्लिशच्या तासाने शिकवलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

तर आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर, जे त्या दिवशी कुणी दिलं नाही.

ब्लॅकबर्ड हा युरोपातला एक ठरावीक गाणारा पक्षी आहे. आपल्याकडच्या कस्तुर पक्ष्याच्या कुळातला. नर काळाकुळकुळीत, पिवळ्या-नारिंगी चोचीचा. मादी मात्र तपकिरी. म्हणजे मादी ब्लॅकबर्ड ब्लॅक नसूनही ब्लॅकबर्ड, आणि कावळा ब्लॅक असूनही ब्लॅकबर्ड नाही. इंग्रज माणूस हा फरक तोंडाने दाखवतो. पक्ष्याचं नाव घेताना आघात पहिल्या अवयवावर, ‘ब्लॅक’वर. नुसता काळा पक्षी म्हणायचं असेल तर ‘बर्ड’वर. हेच ब्लॅकबोर्डचं. फळा हिरव्या रंगाचा असला तरी तो ब्लॅकबोर्डच राहतो.

यात इंग्रजीचं काही विशेष आहे असंही नाही. काळमांजर हा आपल्याकडचा वेगळाच प्राणी आहे, मांजराच्या कुळातला नव्हेच. आणि काळं मांजर म्हणजे आपल्या गल्लीतलं. दोन्ही उच्चारून बघा. हे उदाहरण त्या तासाला दिलं असतं तर अख्खा वर्ग दोन मिनिटांत समजला असता. पण आपल्याकडे इंग्रजी शिकवताना मराठीला दाराबाहेर उभं करायची पद्धत आहे. त्यात सरांचा एकट्याचा दोष नाही.

आणखी एक गंमत. ज्या काळात ब्लॅकबर्ड हा शब्द तयार झाला, तेव्हा कावळा ‘बर्ड’ नव्हताच! जुन्या इंग्रजीत पक्ष्याला शब्द होता ‘फुगोल’, ज्याचा पुढे ‘फाउल’ झाला. आणि ‘ब्रिड’ म्हणजे पिल्लू. पुढे त्या ब्रिडचा अर्थ सरकत सरकत लहान पक्षी असा झाला. कावळा, डोमकावळा ही मोठी मंडळी फाउलमध्ये. त्यामुळे छोट्या पक्ष्यांमधला काळा, म्हणून तो ब्लॅकबर्ड. नंतर बर्ड सगळ्या पक्ष्यांवर पसरला आणि बिचारा फाउल आकसत आकसत कोंबडीपर्यंत येऊन थांबला. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्येही आकाशात उडणारे जीव फाउलच आहेत. आज फाउल म्हटलं की पोल्ट्री आठवते.

ज्यांनी अकरावीला संस्कृत घेतलं असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. मृग म्हणजे आधी कुठलंही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, आणि शिकार ती मृगया. नंतर मृगाचं फक्त हरीण झालं. आता इंग्रजी ‘डिअर’ बघा. त्याचाही अर्थ पूर्वी नुसतं जनावर असा होता आणि त्याचंही हरीणच झालं. दोन भाषा, दोन वेगळे काळ, आणि नशिबात हरीणच!

आणि ब्रिडचा बर्ड कसा झाला? ज्या कारणाने आपल्याकडे ‘मतलब’चा ‘मतबल’ होतो, ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ होतं आणि ‘डेस्क’चा ‘डेक्स’ होतो. अक्षरांची अदलाबदल. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमच्या ‘डेक्स’ला हसलं तर त्याला शांतपणे सांगा, इंग्रजांनी तर अख्खा बर्ड असाच बनवलाय.

आता नावाचा दुसरा अर्धा भाग. एसवायला एका ब्रिटिश सिरीजचे एपिसोड बघताना कळलं की तिकडे बर्ड म्हणजे पोरगी. मान देऊन नव्हे. अमेरिकेत जसं ‘चिक’, तसं ब्रिटनमध्ये ‘बर्ड’. साठच्या दशकात हा शब्द तिकडे फार चालला. मध्ययुगीन इंग्रजीत ‘बर्ड’सारखाच ऐकू येणारा, स्त्री या अर्थाचा एक वेगळा शब्द होता आणि दोघांची कुठेतरी सरमिसळ झाली असावी, असं कोशकार म्हणतात. पण मला त्यासाठी कोश लागला नाही. एसटी स्टँडवर उभी राहिलेली कुठलीही मुलगी सांगेल, ‘पाखरू’ म्हणजे काय ते. “काय पाखरू आहे!” हे वाक्य जिने ऐकलंय तिला ब्रिटिश ‘बर्ड’ समजावून सांगावा लागत नाही. मुलीला पक्षी म्हणायची कल्पना एका भाषेची नाही, ती नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांची आहे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हा अर्थ माहीत होता का? बहुतेक नसावा. पण जोक मात्र दोन्ही बाजूंनी बसला.

बर्डचे बाकीचे उद्योग पटकन सांगते, कारण ते नुसते मजेचे आहेत. ब्रिटनमध्ये ‘डुइंग बर्ड’ म्हणजे तुरुंगात दिवस काढणं. लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळवून शब्द फिरवतात. पक्षी पकडायच्या चिकट लेपाला ‘बर्डलाइम’ म्हणतात, त्याचं यमक ‘टाइम’शी, म्हणून टाइमच्या जागी बर्ड. अमेरिकेत ‘बर्ड दाखवणं’ म्हणजे मधलं बोट दाखवणं. हे आलं नाटकातून. पडलेल्या नटाला प्रेक्षक हंसासारखे फिस्कारायचे, तो ‘बिग बर्ड’. गोल्फमध्ये ‘बर्डी’ म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन बोलीत बर्ड म्हणजे एकदम भारी गोष्ट. पुढे त्याच ओळीत ईगल आणि अल्बट्रॉस आले. अमेरिकन पोरं बॅडमिंटनच्या फुलालाही बर्डी म्हणतात. आणि बॅडमिंटन तर १८७० च्या दशकात पुण्यातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये इतकं रुळलं होतं की त्या खेळाला ‘पूना’ असंही नाव होतं. ट्विटरच्या निळ्या पक्ष्याचं नाव लॅरी होतं, लॅरी बर्ड या बास्केटबॉलपटूवरून. २०२३ मध्ये तो पक्षी उडाला आणि एक्स आला.

‘ब्लॅक’ इतका सुटसुटीत नाही.

या शब्दाच्या मुळाशी जळणं आहे. जळून जे उरतं ते काळं. पण जळताना ज्वाळा चमकतेही. त्याच जुन्या मुळाच्या नात्यागोत्यात ‘ब्लीच’ आहे आणि फ्रेंचांचा पांढरा ‘ब्लां’ही आहे, असं व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात. मध्ययुगातल्या काही इंग्रजी मजकुरांत तर लिहिणाऱ्याला काळं म्हणायचंय की फिकट, हे ठरवायला अभ्यासकांना डोकं खाजवावं लागतं. म्हणजे पार्लरमध्ये ज्या डब्यावर ब्लीच लिहिलेलं असतं आणि ज्या रंगावर तो थापला जातो, ते दोन्ही शब्द लांबचे नातेवाईक निघाले. हे वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच हसत बसले होते. मैत्रिणीला वाटलं, रिझल्ट लागला.

आपल्याला ब्लॅक भेटतो तो जोडशब्दांत. ब्लॅकलिस्ट, ब्लॅक मार्केट, ब्लॅक मनी. यातले कितीतरी आपण उचलून मराठीत आणले. काळी यादी, काळा बाजार, काळा पैसा. पण सगळे ब्लॅक एका माळेचे मणी नाहीत. ‘ब्लॅकमेल’मधला मेल टपालाचा नव्हे. स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारू टोळ्या शेतकऱ्यांकडून जी खंडणी घ्यायच्या ती ही. विमानातला ‘ब्लॅक बॉक्स’ चक्क भडक नारिंगी असतो, सापडावा म्हणून. हिशेबाच्या वहीत ‘इन द ब्लॅक’ म्हणजे फायद्यात, तोट्याचा रंग लाल. ‘ब्लॅक फ्रायडे’ची नफ्याच्या काळ्या शाईची जी गोष्ट सेलच्या दिवसांत फिरते ती मागाहून चिकटवलेली. फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी गर्दीला आणि ट्रॅफिकला वैतागून त्या दिवसाला हे नाव दिलं होतं.

यातल्या कशाचाच जन्म माणसांच्या कातडीशी संबंधित नाही. म्हणून अनेक जण म्हणतात, मग त्यात वाईट वाटून काय घ्यायचं? हा मुद्दा मला अर्धाच पटतो. १९६७ साली अटलांटात केलेल्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी रॉजेच्या थिसॉरसचा हिशेब मांडला होता. काळेपणाचे सुमारे १२० समानार्थी शब्द, त्यातले निदान ६० अपमानकारक. पांढरेपणाचे सुमारे १३४, आणि सगळे चांगले. १९७१ मध्ये मुहम्मद अलीने ब्रिटिश टीव्हीवर मायकेल पार्किन्सनला हसत हसत हेच विचारलं होतं. पांढरा केक देवदूताचा आणि चॉकलेटचा केक सैतानाचा, असं का? प्रेक्षक हसत होते. अली हसवत होता, पण त्याला उत्तर हवं होतं. एकेका शब्दाचा इतिहास निर्दोष असेलही, पण लहान मुलाच्या कानावर ते एकेक करून पडत नाहीत, थप्पीने पडतात.

आपली थप्पी बघायची असेल तर लांब जायला नको. तोंड काळं कर, काळं कुत्रं विचारणार नाही, काळतोंड्या. आणि त्याच तोंडाने आपण पंढरपूरला जाऊन काळ्या विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतो, शेताला काळी आई म्हणतो, अगदी पक्कं सांगायचं तर काळ्या दगडावरची रेघ ओढतो. मे महिन्यात गावी गेलं की टोपली घेतलेली बाई ओरडत येते, “डोंगरची काळी मैना!” आणि आपण करवंदं घ्यायला पळतो. लहानपणी मला घरात कुणी काळी मैना म्हटलं की मी फुशारून जायचे. करवंदासारखी गोड, असं वाटायचं. शब्दशः बघितलं तर काळी मैना आणि ब्लॅकबर्ड एकच ना? पण एकाने मी फुलले आणि दुसऱ्याने तीन वर्षं वर्गात शिरताना खाली बघितलं.

हे डिक्शनरीत सापडत नाही.

मग मी हा शब्द इंटरनेटवर, लायब्ररीत, जिथे सापडेल तिथे शोधायला लागले, आणि ‘ब्लॅकबर्डिंग’पर्यंत पोहोचले. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये उसाचे मळे उभे राहत होते. मजूर हवे होते. तेव्हा जहाजं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर जायची, मुख्यतः आज ज्यांना आपण व्हानुआटू आणि सॉलोमन बेटं म्हणतो तिथे. काहींना करार करून आणलं, पण कितीतरी जणांना फसवून किंवा सरळ पकडून. १८६३ ते १९०४ या काळात सुमारे ६२,००० बेटवासी असे क्वीन्सलँडला नेले गेले. जहाजांवरच्या बोलीत या माणसांना ब्लॅकबर्ड म्हणत आणि त्यांना पकडून आणण्याच्या धंद्याला ब्लॅकबर्डिंग. काळे पक्षी, म्हणजे शिकार. ऊस तोडायला नेलेली माणसं, हे वाचताना सांगली-कोल्हापूरकडच्या पोरीला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

माझ्या टोपणनावामागे हेही होतं. मला चिडवणाऱ्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि मला ती जास्त आवडते. साठच्या दशकात अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या तरुणांनी ‘नीग्रो’ हा तोवरचा सभ्य मानला जाणारा शब्द टाकून दिला आणि ‘ब्लॅक’ उचलला. जो शब्द त्यांच्या आईवडिलांना टोचायचा तोच. ब्लॅक पॉवर, ब्लॅक इज ब्यूटिफुल. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावं आपण सिलॅबसमध्ये वाचतो, पण तेव्हा ती पोरं आपल्याहून फार मोठी नव्हती. दुसऱ्याने दिलेलं नाव नको, आमचं नाव आम्ही घेऊ, हा त्यातला भाग होता. त्याच्याही ९९ वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. म्हणजे हा तार जुना आहे, तो नेटफ्लिक्सने जोडलेला नाही.

आणि १९७९ मध्ये लंडनमध्ये ‘साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स’ नावाची संघटना सुरू झाली. त्यात आफ्रिकन-कॅरेबियन बायकांबरोबर भारतीय वंशाच्या बायका होत्या. आपल्यासारख्याच गव्हाळ, सावळ्या, काळ्या. ब्रिटनमध्ये तेव्हा गोऱ्यांच्या वर्णद्वेषाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या सगळ्यांनी ब्लॅक हे एकच नाव घेतलं होतं. घरी गोरी सून शोधणाऱ्या समाजातल्या बायका परदेशात जाऊन स्वतःला ब्लॅक म्हणवून घेतात, हे मला अजूनही भारी वाटतं.

म्हणून आपल्या कॅम्पसवरच्या दोन गोष्टींबद्दल मला बोलायचंय.

पहिली, रॅप ऐकून आलेला तो ‘एन’वाला शब्द. आमच्या बॉईज हॉस्टेलमध्ये पोरं एकमेकांना सर्रास तो वापरायची. गाण्यात आहे की, मग आम्ही का नाही? कारण गाणाऱ्याने तो त्याच्या घरातून घेतलाय, तुम्ही हेडफोनमधून. तुमच्या आजीला आजोबा ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने तुम्ही मारता का? आपल्याकडे जातीवरून शिव्या आहेत, त्या कुणी तोंडून काढल्या तर काय होतं आणि काय व्हायला हवं, हे आपल्याला कळतं. तेच इथे लावायला अवघड नाही. तसंच परदेशात शिकायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की ब्लॅक हे विशेषण म्हणून चालतं, ‘ब्लॅक पीपल’. नुसतं ‘ब्लॅक्स’ म्हणून माणसांचा गठ्ठा बांधला की समोरच्याला खटकतं. २०२० पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था लोकांसाठीच्या ब्लॅकचा बी कॅपिटल लिहिते. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरच नाही, त्यामुळे आपली यातून सुटका आहे.

दुसरी गोष्ट आपली स्वतःची. २०२० मध्येच वेस्ट इंडिजचा माजी कप्तान डॅरन सॅमी म्हणाला होता की आयपीएलमध्ये आपल्याला ‘कालू’ म्हणायचे आणि आपण समजत होतो की त्याचा अर्थ दमदार घोडा. खरा अर्थ कळल्यावर त्याला राग आला. पुढे एका जुन्या सहकाऱ्याशी बोलणं झाल्यावर, तो प्रेमाने म्हणत होता, असंही त्याने सांगितलं. मी सॅमीच्या जागी स्वतःला ठेवून बघते आणि मला ते दोन्ही खरं वाटतं. म्हणणाऱ्याचं प्रेमही आणि ऐकणाऱ्याचा रागही. त्याच वर्षी सॉफ्टवेअरवाल्यांनी ‘ब्लॅकलिस्ट’ काढून ‘डिनायलिस्ट’ लिहायला सुरुवात केली, आणि आपल्याकडची गोरं करणारी प्रसिद्ध क्रीम ‘फेअर’ सोडून ‘ग्लो’ झाली. चांगलंच झालं. पण कोडमधला शब्द बदलायला एक कमांड पुरते. वर्गातला काळ्या, काळी, ब्लॅकी, कोळसा, डांबर बदलायला काय पुरतं?

गेल्या डिसेंबरमध्ये एका मैत्रिणीच्या लग्नात आमची बॅच भेटली. बुफेच्या लायनीतून हाक आली, “ए ब्लॅकबर्ड, इकडे ये!” मागच्या बाकावरचाच तो. आता आयटीत आहे, पोट सुटलंय. मी ताट घेऊन गेले आणि म्हटलं, “काळा नर असतो रे. मादी तपकिरी असते. त्यामुळे ब्लॅकबर्ड तू.” तो आधी हसला. मग मी त्याला ती उसाच्या मळ्यांची, जहाजांची गोष्ट सांगितली. जिलबी तशीच हातात राहिली त्याच्या.

“आयला,” तो म्हणाला, “मला हे काहीच माहीत नव्हतं गं. प्रेमाने म्हणायचो आम्ही. तुला आवडत नव्हतं तर तेव्हाच सांगायचं ना.”

“तेव्हा मला इंग्रजी कुठे येत होतं?” मी म्हटलं.

“मग मराठीत सांगायचं.”

त्यावर मला काही सुचलं नाही. मागून लायनीतले लोक ‘पुढे चला’ म्हणत होते.